अकरावीत गणित ठेवायचं की सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की जव्हार-मोखाड्यातले पालक आम्हा शिक्षकांना एकच सवाल विचारतात: गणित ठेवायचं की सोडायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. राज्य मंडळाच्या दहावीला पूर्वी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. 2018 च्या परीक्षेनंतर तो बंद झाला. आता सगळ्यांनाच बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी 40 गुणांचे पेपर. मोठ्या भावाला सोपं गणित मिळालं म्हणून धाकटीलाही मिळेल, असं नाही. सीबीएसईत मात्र 2020 पासून ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पेपर आहेत.

म्हणजे आपल्या मुलांची खरी निवड अकरावीत होते. कॉमर्सला गणित किंवा एस.पी. सायन्सला गणित, बायॉलॉजी किंवा दोन्ही. डॉक्टरकी आणि नर्सिंगला गणित लागत नाही, फार्मसीला दोन्हींपैकी कुठलंही चालतं. पण इंजिनीयरिंगची सीईटी गणिताच्या गटातूनच द्यावी लागते. एनडीएत 2022 पासून मुलीही जातात. तिथल्या हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. सी.ए. करायचं असेल तर एस.पी. घेऊनही जाता येतं, मात्र फाउंडेशनच्या परीक्षेत गणित-संख्याशास्त्राचा पेपर आहेच.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. गणितात मुलीचे गुण भावापेक्षा जास्त, तरी गणित भावाला आणि ‘तिला कशाला एवढं अवघड’ हे तिच्या वाट्याला. अल्जेब्रा हा शब्द ज्या अरबी किताबाच्या नावातून आला, ती अल-ख्वारिज्मींनी नवव्या शतकात बगदादला लिहिली. तिचा मोठा भाग विरासतीच्या वाटण्यांचा आहे. त्या वाटण्यांत बेटीचाही हिस्सा मोजलेला असतो!

आमच्या भागात अडचणी खऱ्या आहेत. गावात शिकवणी नाही, एसटीत जाण्यायेण्याचे तास जातात. म्हणून दोन्ही विषय घ्या, असं आम्ही सरसकट सांगत नाही. दोन्ही घेतले तर नीट आणि सीईटी, दोन्ही रस्ते उघडे राहतात. पण अभ्यासही तितकाच वाढतो. ज्या मुलीला दहावीत भूमितीचे रायडर स्वतःहून सुटत होते, तिला जरूर घेऊ द्या. जिला गणिताच्या नावानेच ताप येतो आणि नर्सिंगला जायचंच आहे, तिने बायॉलॉजी घेऊन निश्चिंत राहावं.

2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन होतात. फॉर्ममध्ये कॉलेजची पसंती भरण्याआधी तिथे प्रत्यक्ष जाऊन दोन गोष्टी विचारा: सायन्सला गणिताचा वर्ग भरतो का, आणि विषय बदलायचा झाला तर कधीपर्यंत बदलता येतो. सायबर कॅफेवाल्याला हे माहीत नसतं. आणि जाताना मुलीलाही सोबत न्या.