लघुतम पृष्ठाचे समीकरण व सीमेचे वळण

प्रतलातील बंदिस्त प्रदेशाच्या सीमेवर फलाची मूल्ये ठरवून द्यावयाची आणि आत दिलेले समीकरण पाळणारे फल शोधावयाचे, हा सीमामूल्य-प्रश्नाचा परिचित प्रकार होय. लाप्लासच्या समीकरणाच्या बाबतीत सीमा गुळगुळीत असली, म्हणजे सीमेवरील संतत मूल्ये कोणतीही असोत, उत्तर मिळतेच. वक्रता-समीकरणांना मात्र एवढे पुरत नाही. सीमेचे वळणही पाहावे लागते.

तारेवर ताणलेला साबणाचा पापुद्रा आपले क्षेत्रफळ शक्य तितके कमी ठेवतो. त्यामुळे त्याची माध्य वक्रता सर्वत्र शून्य असते. त्याची प्रतलापासूनची उंची हे फल मानल्यास लाग्रांज यांनी अठराव्या शतकात मांडलेले लघुतम पृष्ठाचे समीकरण मिळते. ते अरेषीय आहे. लाप्लासच्या समीकरणात जेथे उतार येतो, तेथे यात उतारास १ व उताराचा वर्ग यांच्या बेरजेच्या वर्गमूळाने भागून येणारी राशी असते. उतार कितीही वाढला तरी या राशीचे मूल्य १ च्या पलीकडे जात नाही. अडचणीचे मूळ येथेच आहे.

१ व २ त्रिज्यांच्या समकेंद्री वर्तुळांमधील कंकणाकृती प्रदेश घेऊ. बाह्य वर्तुळावर उंची ० आणि आतील वर्तुळावर ‘उ’ असावी. सममितीमुळे समीकरणाचा अर्थ एवढाच उरतो की, त्रिज्या व वरील राशी यांचा गुणाकार सर्वत्र स्थिर राहतो. लाप्लासच्या समीकरणात हा स्थिरांक हवा तेवढा मोठा घेता येतो. येथे मात्र आतील त्रिज्या १ असल्याने तो १ हून मोठा होऊ शकत नाही. तो १ घेतल्यास लोंबत्या साखळीचा वक्र आसाभोवती फिरवून होणारे पृष्ठ मिळते, आणि उंचीची कमाल मर्यादा सुमारे १.३१७ येते. ‘उ’ त्याहून अधिक असल्यास प्रश्नास उत्तर नाही. प्रत्यक्षातील पापुद्रा तेवढ्याने फुटत नाही. तो आतील कड्याखाली अधिक आत खेचला जातो. पण मग एकाच बिंदूवर दोन उंची येतात व पृष्ठ फलाने दर्शविता येत नाही.

हा दोष आतील सीमेचा आहे. प्रदेशाच्या बाजूने पाहता ती अंतर्वक्र आहे. बहिर्वक्र प्रदेशात कोणत्याही संतत सीमामूल्यांस एकमेव उत्तर असते, हे टिबोर राडो यांनी १९३० मध्ये दाखविले. प्रदेश बहिर्वक्र नसल्यास काही संतत मूल्यांस उत्तर नसते, हे रॉबर्ट फिन यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले. पुढे १९६९ मध्ये जेम्स सेरिन यांनी माध्य वक्रता ‘म’ हा स्थिरांक असता गुळगुळीत सीमेसाठी निकष दिला: प्रत्येक संतत मूल्यास उत्तर मिळण्यासाठी सीमेची वक्रता सर्वत्र ‘म’च्या केवलमूल्याच्या निदान दुप्पट असणे आवश्यक व पुरेसे आहे. ‘म’ शून्य घेतल्यास बहिर्वक्रतेची अटच परत मिळते.

या निकषास व्यावहारिक महत्त्वही आहे. क्षेत्रफळ लघुतम करणारी गणनपद्धती उत्तर नसतानाही एक पृष्ठ काढून देते. मात्र ते दिलेल्या सीमामूल्यांपासून सुटलेले असते. म्हणून गणन आरंभण्यापूर्वी सीमेची वक्रता तपासणे अगत्याचे ठरते.