जेऊर स्टेशनावरून परदेश



परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, विमानापाठोपाठ लाखाचा आकडा येतो, आणि आपण विषय बदलतो. करमाळा तालुक्यात शेतकऱ्यांच्या बांधावर फिरताना मला खते, फवारण्या आणि अनुदाने यांबद्दल रोज विचारणा होते. पण गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न कानावर येऊ लागला आहे. उजनीच्या पाण्यावर केळी पिकवणारा एखादा गडी चहा पिता पिता हळूच विचारतो, "साहेब, आमची केळी बोटीत बसून आखातात जाते, मग आम्हालाच कधी जायला मिळायचं?" त्या प्रश्नाला माझे उत्तर असे की पहिला परदेश जवळचा करावा, आणि तो नेपाळ. त्याला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, विमानही लागत नाही.

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडच्या माणसांना हद्द ओलांडायला मोकळीक आहे. प्रौढ माणसाजवळ निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असले की पुरते. पासपोर्ट असेल तर उत्तमच. आधार कार्डावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे ते सगळीकडे चालते म्हणून तिथेही चालेल असे धरून गेलेली माणसे अडचणीत येतात. मतदार कार्डावरचे नाव व फोटो ओळखू येण्याजोगा आहे ना, हे निघण्याच्या दोन महिने आधी बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.

आम्ही २०२३ साली पाडवा झाल्यावर गेलो. मी, आमची मंडळी, माझे साडू आणि थोरल्या मेव्हणीबाई असे चौघे. साडू कंदर भागातले केळीवाले. ज्वारीची मळणी उरकली होती, कडबा रचून झाला होता. पण बागायतदाराला मोकळा महिना कधीच नसतो. ऊस आणि केळी पाणी मागतात, गाय दोन वेळा धार मागते. साडूंनी शेजाऱ्याशी सावड केली. बारा दिवस त्यांनी यांचे पाणी आणि जनावरे बघायची, आणि त्यांच्या पोरीच्या लग्नाच्या आठवड्यात यांनी त्यांचे रान सांभाळायचे. प्रवासाची खरी तयारी हीच. ती न करता गेलेला माणूस पशुपतिनाथासमोर उभा राहूनही मोटार चालू झाली का, हे फोनवर विचारत बसतो.

पावसाळ्यात मात्र मुळीच जाऊ नका. तिकडचा रस्ता नदीच्या कडेने डोंगर खोदून काढलेला आहे आणि पावसात दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये सिमलताल येथे दरड येऊन दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे मोठे आंदोलन पेटले, विमानतळ बंद पडला, तेव्हा आपल्याकडचेही यात्रेकरू अडकून पडले होते. निघण्याआधी आठवडाभर तिकडच्या बातम्या ऐकाव्यात.

वाट सोपी आहे. पुण्याहून दौंड-मनमाडमार्गे गोरखपूरला गाडी जाते. आम्ही जेऊरला गाडी पकडून दौंड गाठले आणि तिथून पुढे स्लीपरच्या डब्यात बसलो. आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते. ते खुले होईल त्याच दिवशी करा. गोरखपूरहून सुनौलीपर्यंत एस.टी.सारख्या गाड्या मिळतात, तीनेक तासांचा रस्ता. सुनौलीला उतरले की समोर एक कमान दिसते. ती पायी चालत ओलांडायची. मेव्हणीबाई कमानीच्या पलीकडे दोन पावले टाकून थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं? एवढंच?" एवढेच. स्वतःची जीप घेऊन जाणाऱ्यांना मात्र तिथे भन्सार, म्हणजे जकात, भरून परवाना घ्यावा लागतो. त्या भानगडीत पहिल्या खेपेला पडू नये.

आता पैशाची गोष्ट. इथे माझे स्वतःचे नुकसान झाले म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेपाळी रुपयाचा भाव आपल्या रुपयाशी १९९३ पासून बांधलेला आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दुकानदार आपल्या रुपयाला 'आयसी' म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी'. मला हे ठाऊक होते. तरीही पहिल्याच रात्री एका लॉजवर "आठशे" ऐकून मी आपल्या आठशे रुपयांच्या नोटा मोजून दिल्या. भाव नेपाळी होता, म्हणजे आपले पाचशे. तीनशे रुपये गेले आणि वर साडूंनी चार दिवस चिडवले ते वेगळेच. तेव्हा कोणीही भाव सांगितला की आधी विचारायचे, "आयसी का एनसी?" चहासुद्धा त्याशिवाय घ्यायचा नाही.

नोटा शंभराच्या न्याव्यात. नेपाळने २०१८ साली शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली, आणि या बाबतीतले नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे. शंभराच्या नोटेला अडचण येत नाही. पैसे एका जागी ठेवू नयेत. आपले वारकरी थोडे कनवटीला, थोडे पिशवीत आणि थोडे विणेकऱ्याजवळ ठेवतात, तीच रीत बरी. मोबाईलवरून पैसे देण्याची सवय आता खेड्यातही लागली आहे, पण हद्द ओलांडली की आपले सिमकार्ड मुके होते. तिथले सिम ओळखपत्र दाखवून मिळते.

घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे. आणि तारखेकडे नीट बघावे. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. आमच्या बसच्या तिकिटावर साल लिहिले होते २०७९, आणि महिना चैत्र. पण त्यांचा चैत्र आपल्या तिथीचा नव्हे, सौर महिन्याचा. आपली तारीख आणि त्यांची तारीख शेजारी शेजारी लिहून घ्या, नाहीतर गाडी सुटून जायची.

दुसरीकडे एक मोठी सोय अशी की नेपाळी भाषा आपल्याच देवनागरीत लिहितात. दिल्लीच्या पलीकडे इंग्रजी येत नाही म्हणून बिचकणारी आमची मंडळी तिथे दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचत होती. एका पाटीवर 'मल तथा बीउ' असे दिसले आणि मेव्हणीबाईंनी पदर तोंडाला लावला. मल म्हणजे तिकडे खत, आणि बीउ म्हणजे बी. कृषी सेवा केंद्रच ते! मी आत जाऊन अर्धा तास बसलो. मोडक्या हिंदीत बोलणे झाले. युरिया वेळेवर मिळत नाही ही तक्रार त्यांचीही होती.

खाण्याचे हाल होत नाहीत. दालभात सगळीकडे मिळतो आणि भात, डाळ, भाजी पोट भरेपर्यंत वाढतात. तेल मोहरीचे असते, ते सर्वांना सोसतेच असे नाही. म्हणून आमच्या मंडळींनी कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी आणि गूळपापडी घेतली होती. कडक भाकरी दहाव्या दिवशीही कुरकुरीत होती. प्रवासाला इतके सोयीचे खाणे आपल्या सोलापूर जिल्ह्याजवळ असताना लोक बिस्किटाचे पुडे का भरतात, हे मला कळत नाही. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचेच घ्यावे. काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, रात्री गारवा असतो, एक शाल हवीच.

सुनौलीपासून जवळच लुंबिनी आहे, गौतम बुद्धांचे जन्मस्थान. सम्राट अशोकाचा स्तंभ तिथे आजही उभा आहे. नाना देशांनी बांधलेले विहार आहेत आणि काही विहारांत अल्प देणगीत राहायची सोय होते. तिथे एक दिवस काढून मग काठमांडूची बस धरावी. बस दिवसाचीच घ्या. रस्ता घाटाचा आहे, आठ-दहा तास कधीकधी त्याहून जास्त लागतात, आणि रात्री काहीच दिसत नाही. आम्ही दिवसा गेलो म्हणून डोंगरउतारावरची पायऱ्या-पायऱ्यांची शेती पाहायला मिळाली. पायलीभर बी पुरेल एवढाली वावरे, पण प्रत्येक बांधावर गवत नाहीतर चाऱ्याचे झाड. बायामाणसे डोक्याला पट्टा लावून पाठीवर डोको नावाची बांबूची टोपली वाहत होती. आपल्याकडे बांध म्हणजे भांडणाची जागा, तिकडे ती वैरणीची जागा आहे.

पशुपतिनाथाच्या मंदिरात कातड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावे लागते. तिथले मुख्य पुजारी भट्ट हे परंपरेने कर्नाटकातून येतात. अक्कलकोटपलीकडची कानडी तिथे ऐकू येईल अशी साडूंची अपेक्षा होती. गर्दीत ते जमले नाही. काठमांडू, पाटण, भक्तपूर येथील जुने दरबार चौक पाहायला तिकीट असते, भारतीयांना सवलतीचा दर आहे, ओळखपत्र दाखवावे. २०१५ च्या भूकंपात पडलेली कित्येक देवळे पुन्हा बांधलेली दिसतात.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. परतताना तराईत, म्हणजे हद्दीलगतच्या सपाट मुलखात, रस्त्याकडेला केळीच्या बागा दिसल्या. चहाला गाडी थांबली. साडू दिसेनात. आले ते हातात ओला गोणपाट घेऊन. आत केळीचे दोन मुनवे. बागवानाने प्रेमाने दिलेले.

"साहेब, झाड बघा कसलं जोमदार आहे. दोन मुनव्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

मी म्हणालो, "दाजी, हे इथेच ठेवा."

ते रागावले. बायकांसमोर मी त्यांना शिकवले असे त्यांना वाटले. पण मंडळी, आभाळ खरोखरच कोसळू शकते. केळीला फ्युजारियम बुरशीमुळे मर रोग होतो, त्याला पनामा मर म्हणतात. गेल्या शतकात याच रोगाने मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल जातीच्या बागा बसवल्या आणि व्यापाऱ्यांना कॅव्हेंडिश जातीकडे वळावे लागले. आपली ग्रँड नैन, म्हणजे जी-९, ही कॅव्हेंडिशच. आता या बुरशीचा टीआर-४ नावाचा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे, आणि आमची परतीची वाट उत्तर प्रदेशातूनच होती. बुरशी मुनव्यातून येते, मुनव्याला चिकटलेल्या मातीतून येते, चपलेच्या तळव्यातूनही येते. वरून रोप निरोगी दिसते. एकदा रानात शिरली की दशकानुदशके मातीत राहते आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही. ज्या कंदरच्या केळीवर शेकडो घरे उभी आहेत तिथे ती एका गोणपाटातून पोचली असती. शिवाय परदेशातून रोप, कंद, बी परवान्याशिवाय आणणे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने गुन्हा ठरते, ते वेगळेच.

मुनवे तिथेच राहिले. गोरखपूरपर्यंत साडू माझ्याशी बोलले नाहीत. गोरखपूरच्या फलाटावर त्यांनी मुकाट्याने नळाखाली चपला धरल्या आणि काडीने तळव्याची माती खरवडली. घरी गेल्यावर त्या चपला बागेत न्यायच्या नाहीत, अंगणातच ठेवायच्या, हे मेव्हणीबाईंनी सांगितले. तुम्ही परदेशात कोणाच्याही शेतात गेलात तरी असेच करा. पाहा, विचारा, फोटो काढा, वहीत लिहा. पिशवीत काही घालू नका.

आमचा दोघांचा सगळा खर्च, रेल्वेसह, तीस हजारांच्या आत बसला. त्यात माझे लॉजवरचे तीनशेही आले.

याहून लांब जायचे तर पासपोर्ट हवा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा, आणि सोलापुरात टपाल खात्याच्या केंद्रात कागद तपासून घेतात. पुढे पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. खरी अडचण जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारावर दुसरी, असे आपल्या घरोघरी आहे. आधी त्या जुळवून घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शेरा येतो. तो ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापुरता आहे, फिरायला जाणाऱ्याने घाबरू नये, परतीचे तिकीट जवळ ठेवावे.

आणि कोणी दलाल "पर्यटनाच्या व्हिसावर जा, तिथे कामाला लावतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गेल्या वर्षी एक बाप माझ्याकडे कर्जाचा कागद विचारायला आला होता. पोराला असेच पाठवायचे होते आणि त्यासाठी विहिरीजवळचा तुकडा गहाण पडणार होता. म्यानमार, कंबोडियाकडे अशाच आमिषाने नेलेली भारतीय पोरे कोंडून घालून त्यांच्याकडून फसवणुकीचे फोन करवून घेतल्याचे उघड झाले आहे. परदेशी नोकरीला पाठवणारा माणूस सरकारच्या ई-मायग्रेट नोंदणीत आहे का, हे तपासता येते. त्या बापाचा दलाल नोंदणीत नव्हता. तुकडा वाचला.

साडूंनी आता पासपोर्टचा अर्ज भरला आहे. व्हिएतनाममध्ये ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात, ते त्यांना बघायचे आहे. दाखल्यावर जन्म १ जून, आधारावर १ जानेवारी. सध्या त्यांच्या तहसील आणि शाळेकडे फेऱ्या चालू आहेत.