सुस्त कॅमेरा, चपळ चितळ

मरोळ-मरोशी रस्त्याने उत्तरेला निघालं, की सीप्झची गर्दी मागे पडते आणि आरे लागतं. आरेला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. २०१९ मध्ये मरोळच्या एका सोसायटीत बिबट्या शिरला, तेव्हा हे शेजारपण साऱ्या मुंबईला दिसलं. उद्यानातले बिबटे मोजले जातात ते कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने. संशोधक निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासात अंगावरच्या ठिपक्यांवरून ३५ बिबटे ओळखले गेले. २०१८ पर्यंत हा आकडा ४७ वर गेला. बातमी होते ती बिबट्याची. पण त्याच कॅमेऱ्यांसमोरून सांबर, चितळ, भेकर आणि चुकूनमाकून इवलीशी पिसोरीही जाते.

असे कॅमेरे आता ऑनलाइन सहज मिळतात. कर्जत-मुरबाडकडे जमिनीचा तुकडा असलेले मुंबईकर हौसेने एखादा घेतात, कुंपणाजवळच्या झाडाला बांधतात आणि आठवड्याने कार्ड उघडून बघतात. हाती लागतं रिकामं गवत, नाहीतर चौकटीच्या कडेला उरलेली एक शेपटी. मग ‘कॅमेरा सुस्त आहे’ म्हणून तो माळ्यावर जातो. तो सुस्त असतोच. पण हरणाचा फोटो त्यानेही उत्तम मिळू शकतो.

आधी त्याचं काम समजून घेऊ. बॅटरी वाचवण्यासाठी हा कॅमेरा सतत झोपलेला असतो. जागा असतो तो फक्त उष्णतेची हालचाल टिपणारा संवेदक. त्याच्या नजरेचे पट्टे पाडलेले असतात. आजूबाजूपेक्षा उबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं, की तो कॅमेऱ्याला उठवतो. मग कॅमेरा प्रकाश मोजतो आणि फोटो काढतो. महागड्या कॅमेऱ्यात हे सगळं सेकंदाच्या दोन-तीन दशांशात उरकतं, स्वस्त कॅमेऱ्यात दीड-दोन सेकंदही जाऊ शकतात.

आता हिशेब करू. रमतगमत चालणारं चितळ सेकंदाला साधारण एक मीटर पुढे सरकतं. कॅमेऱ्याचा कोन ५० अंशांचा धरला, तर तीन मीटरवर त्याला जेमतेम २.८ मीटर रुंदीची जागा दिसते. जनावर मधोमध आल्यावर कॅमेरा जागा झाला, तर कडेपर्यंत उरतात १.४ मीटर. दीड सेकंदात चितळाचं तोंड चौकटीबाहेर जातं आणि फोटोत राहतो मागचा भाग. तोच कॅमेरा वाटेपासून सहा मीटरवर बांधा. चौकट ५.६ मीटरची होते आणि तेवढ्याच वेळात चितळ अजून पुरतं आत असतं. शिवाय फार जवळच्या जनावरावर रात्री इन्फ्रारेडचा झोत पडून ते पांढरंफटक दिसतं, तेही टळतं.

अंतरानंतर कोन. वाटेला काटकोनात लावलेला कॅमेरा जनावराला पटकन ओळखतो, पण ते तितक्याच पटकन निघूनही जातं. वाटेच्या रोखाने लावला तर जनावर बराच वेळ समोर राहतं, पण सरळ अंगावर येणारी हालचाल संवेदकाला उशिरा कळते, कारण पट्टे ओलांडले जात नाहीत. म्हणून सुवर्णमध्य साधारण ४५ अंशांचा.

याहून मोठा उपाय म्हणजे हरीण थांबतं ती जागा शोधणं. नाल्याचा उतार, आडवं पडलेलं खोड, पाणवठ्याचा काठ, पिकून गळालेला उंबर किंवा बोर. वानरं झाडावर चरताना पाला खाली सांडतात, तो खायला चितळं हमखास जमतात. वानरांची बसायची झाडं माहीत असतील तर अर्धं काम झालं. नर सांबर माजावर आला की चिखलात लोळतो, म्हणून ओल्या घसरणीवरचे खुरांचे ठसे नीट बघावेत. लेंड्या ताज्या आहेत की सुकलेल्या, गवत कुठे दबलंय, हे वाचता आलं की मिनिटभर थांबणाऱ्या जनावरासमोर दीड सेकंदाची काय मातब्बरी!

जुन्या लोकांनी हेच केलं. अमेरिकेतल्या जॉर्ज शिरस यांनी हरणांचे रात्रीचे फोटो फ्लॅशने काढले. ते १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने छापले. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार आडवी बांधली. जनावराचा पाय तारेला लागला की त्याचाच फोटो निघे. त्यांचं वाघांवरचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. या पद्धतीत सगळं कसब जागा निवडण्यात होतं.

काही बारकावे. कॅमेरा चितळ-सांबरासाठी साधारण मांडीच्या उंचीवर असावा, भेकरासाठी गुडघ्याच्या, पिसोरीसाठी त्याहूनही खाली. तोंड उत्तरेकडे ठेवलं की सूर्य भिंगात शिरत नाही. समोरचं हलणारं गवत कापलं नाही, तर उन्हात तापलेल्या पात्यांचे शेकडो फोटो निघतात. एप्रिल-मेच्या दुपारी हवा आणि जनावराचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं, तेव्हा संवेदक चुकणारच. पहाट आणि संध्याकाळ धरावी. चितळं कळपाने येतात, म्हणून एकावेळी तीन फोटो काढायची सोय चालू ठेवावी. पहिलं निसटलं तरी मागचं सापडतं. बॅटरी ताजी हवी. कोकणच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच, आणि मुंग्यांवर लक्ष. शेवटी कॅमेऱ्यासमोरून स्वतः हरणाच्या चालीने चालून फोटो बघावा. चूक तिथेच कळते.

आणि दोन गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात. राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावणं हा गुन्हा आहे. आरेतल्या पाड्यांच्या पायवाटांवर तर तो लावूच नये. तिथून बायाबापड्या सरपणाला जातात, त्यांचे चोरून फोटो काढायचा अधिकार कुणालाच नाही. आपल्या जमिनीवर लावा, शेजाऱ्याला सांगा, माणसं टिपली गेली तर पुसून टाका. हरणं जमावीत म्हणून मीठ किंवा दाणे टाकू नका. त्यांच्या मागोमाग बिबट्याही तुमच्या अंगणात येईल.

नवा कॅमेरा घ्यायच्या आधी जुन्याची जागा एकदा बदलून बघा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.