पानाचा रेट आणि प्रबंधाची मुदत

सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या आष्ट्यात अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. वर्ष संपत आलं की टायपिंग, डीटीपी, बाइंडिंगवाल्यांकडे रेट आणि मुदत विचारणं ओघानंच येतं. त्यातच मोबाइलवर ‘थीसिस लिहून मिळेल’ अशा जाहिराती येतात आणि विद्यार्थी दोन्ही कामांची तुलना एकाच यादीत करू लागतात. टायपिंग, मुद्रितशोधन, मांडणी, बाइंडिंग ही मदत पैसे देऊन घेण्यात काहीच गैर नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या नावावर देणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

आधी रेटचं पाहू. पानाचा रेट कमी म्हणजे काम स्वस्त, हे खरं नाही. समजा, एकानं पानाला 40 रुपये सांगितले, दुसऱ्यानं 60. पहिल्याच्या पानावर 275 शब्द बसतात, दुसऱ्याच्या 500. दहा हजार शब्दांचे पहिल्याकडे 37 पानांचे 1480 रुपये होतात, दुसऱ्याकडे 20 पानांचे 1200. म्हणून हजार शब्दांचा रेट विचारावा. तक्ते, आकृत्या आणि दुरुस्त्यांचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच ठरवून घ्यावं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: टाइप युनिकोडमध्ये होणार की जुन्या फाँटमध्ये? जुन्या फाँटमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. त्यामुळे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो नीट वाचू शकत नाही. नंतर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं बिघडतात आणि सगळं पुन्हा वाचावं लागतं. स्वस्तात झालेलं काम इथे महाग पडतं.

‘दहा टक्के कॉपी चालते’ हा समज फार पसरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही, एवढंच म्हटलं आहे. 10 ते 40 टक्के साम्य असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. हे टप्पे पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट आणि असाइनमेंट त्यातून वगळल्या आहेत, त्यांना महाविद्यालयाचे नियम लागू होतात.

‘शून्य टक्के साम्याची हमी’ देणाऱ्या जाहिरातीचा मला सर्वांत जास्त राग येतो. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणं, ही नियमांतली वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध शून्य टक्के दाखवला तरी त्या व्याख्येत बसतो. प्रबंधासोबत तो स्वतः तयार केल्याचं हमीपत्र विद्यार्थी देतो, तेही खोटं ठरतं. इंग्लंडमध्ये 2022च्या कायद्यानं असली सेवा पुरवणं आणि तिची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं. ऑस्ट्रेलियानं 2020मध्येच त्यासाठी कायदा केला होता.

‘आठ दिवसांत थीसिस’ म्हणणाऱ्याचे आठ दिवस हे फाइल हातात देण्याचे असतात. मार्गदर्शकाचं वाचन, दुरुस्त्या, विद्यापीठातली तपासणी, सह्या, बाइंडिंग हे सगळं त्यापुढचं. पीएच.डी.ला तर नियमानुसारच किमान तीन वर्षं लागतात. वाळव्यातल्या क्षारपड जमिनीवर किंवा कृष्णेच्या 2019च्या महापुरावर लिहायचं तर शेतकऱ्यांशी बोलायला, नमुने घ्यायला, आकडे पडताळायला वेळ द्यावाच लागतो. दूर बसलेला लेखनिक ते आकडे आणणार कुठून? तोंडी परीक्षेत प्रश्न मात्र त्यांच्यावरच येतात.

पदवी हाती आली की विषय संपला, असंही नाही. मान्य झालेले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात ठेवले जातात आणि ते कोणालाही वाचता येतात. नंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झालं, तर दिलेली पदवी ठरावीक काळापुरती स्थगित ठेवण्याची तरतूद आयोगाच्या 2018च्या नियमांत आहे.