लस शोधायला संगणकही लागतो

नीटचा निकाल लागला, की आमच्या ज्युनिअर कॉलेजात पालक भेटायला येतात. यंदा एक आई मुलीला घेऊन आली. "मॅडम, एमबीबीएसला नंबर लागत नाही. सायन्स घेऊन दोन वर्षं वायाच गेली ना?" मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी त्यांना डॉ. जी. पी. एस. राघव यांच्याबद्दल सांगितलं. हे एमबीबीएस डॉक्टर नव्हेत. आयआयटी दिल्लीतून एम.टेक. करून १९८६ मध्ये ते चंडीगडच्या इमटेक या सरकारी संशोधन संस्थेत संगणकाच्या कामावर लागले. आजूबाजूला जंतूंवर संशोधन चाललेलं. त्यातूनच त्यांना आपला विषय सापडला.

जंतू शरीरात शिरला, की आपल्या काही पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि निवडक तुकडे पृष्ठभागावर मांडतात. ते पाहून टी-पेशी शत्रू ओळखतात. पण कोणता तुकडा मांडला जाईल हे माणसागणिक बदलतं. मग लसीत कोणता घ्यायचा? हजारो तुकडे प्रयोगशाळेत एकेक तपासायचे, तर वर्षं जातात आणि पैसाही.

राघव यांनी हे काम संगणकाला शिकवलं. २००१ मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी 'प्रोप्रेड' हा प्रोग्रॅम जाहीर केला. माणसामाणसांत बदलणाऱ्या मांडणाऱ्या रेणूंच्या ५१ प्रकारांपैकी कोणाला कोणता तुकडा चिकटेल, याचा अंदाज तो देतो. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग करावाच लागतो. पण हजारोंऐवजी मोजकेच तुकडे तपासावे लागतात. विशेष म्हणजे, हे साधन त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवलं. २००८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते दिल्लीच्या ट्रिपल-आयटीत शिकवू लागले.

हा रस्ता सोपा नाही, हेही मी त्या आईला सांगितलं. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी.; बरीच वर्षं जातात. मात्र नेटसारखी परीक्षा देऊन फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. म्हणून अकरावीला मुलं बायोलॉजी घेतात तेव्हा पालकांना माझी विनंती असते: जमत असेल तर गणित सोडू देऊ नका.

एवढ्यात त्या मुलीने मान वर केली. "मॅडम, माझं गणित आहे. त्यात नव्वद मिळालेत."

आई तिच्याकडे बघतच राहिली. नीटच्या धावपळीत ते नव्वद मार्क घरात कुणी मोजलेच नव्हते.