भाकरीचा भाव आणि घरातली उतरंड

१९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ दुष्काळी काम निघाले होते. आई तिथे खडी फोडायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि आम्हां भावंडांत वाटायची. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी आधी बापाला, मग आम्हांला, उरली तर तिला. ‘मला भूक नाही’ हे तिचे म्हणणे आम्ही खरेच मानत होतो. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. आमच्याकडे लाटणे नव्हते. भाकरीला ते लागतही नाही.

महागाई सर्वांनाच सारखी सोसावी लागते, असे म्हणतात. ते खोटे आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चलनाचे मूल्य स्थिर असावे असा आग्रह धरतात, त्यामागे ही जाण आहे. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधला फरक धंदेवाल्याच्या नफ्यात जातो आणि मजुराच्या ताटातून वजा होतो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२३-२४ मध्ये २७३ रुपये होती, २०२४-२५ मध्ये २९७ झाली. ती बदलायची एप्रिलमध्ये, वर्षातून एकदा. तेलाचा भाव एप्रिलची वाट पाहत नाही.

आमच्या भागात याला आणखी एक कारण जोडले गेले. पूर्वी ज्वारीच्या काढणीला मजुरी दाण्यात मिळे. भाव कितीही चढो, पायली ती पायलीच. (ते सुखाचे दिवस होते असे कोणी समजू नये. दाण्यामागे येसकरकी होती, दारात उभे राहणे होते.) आता शिवारात सोयाबीन आले. ते कापणाऱ्या बाईला पैसे मिळतात आणि त्या पैशांत तिला ज्वारी विकत घ्यावी लागते. दहा रुपयांचे तेल, पावशेर डाळ, असे रोजचे रोज घेणाऱ्याला ते महागही पडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिले, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत झाले. हा आधार मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्या कायद्यात डाळ नाही, तेल नाही.

म्हणून पोट भरते आणि कालवण पातळ होत जाते. माझ्या भावजयीच्या घरात मी हे पाहतो. आधी दूध गेले, चहा कोरा झाला. मग डाळीत पाणी वाढले. मग मुलीची शिकवणी बंद झाली, मुलाची चालू राहिली. भावाच्या ताटात काही कमी झालेले नाही. जातीची उतरंड आपण ओळखतो, तिच्यावर लिहितो. ही चुलीपाशी रचलेली उतरंड मात्र आपल्या पुष्कळशा लेखनातून सुटली आहे, माझ्याही.

पाहणीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी घरातल्या कर्त्या पुरुषाला खर्च विचारून कागद भरू नये. बाईशी एकटीशी बोलावे. काल रात्री शेवटी कोण जेवले आणि तेव्हा पातेल्यात काय उरले होते, एवढे विचारावे.