उंची खुंटली? गव्हाकडेही पाहा

शाळेच्या रांगेत वर्षानुवर्षे सर्वांत पुढे उभे राहणारे मूल 'आईबापांवर गेले' म्हणून दुर्लक्षिले जाते. पण कधी कधी त्यामागे 'सिलिअ‍ॅक' हा विकार असतो. गहू व जवातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नातील पोषण अंगी लागत नाही. जुलाब, पोटदुखी असतेच असे नाही. खुंटलेली उंची किंवा औषधांनीही न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण असू शकते.

म्हणून अशा मुलांची 'टीटीजी' ही रक्तचाचणी केली जाते. तीत दोष आढळल्यास बहुधा दुर्बिणीद्वारे आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून निदान पक्के करतात. तोपर्यंत गहू बंद करू नये. अन्यथा चाचणी फसवी ठरते.

यावर औषध नाही. आजन्म पथ्य हाच उपाय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला ज्वारी-बाजरीची भाकरी परकी नाही, आणि त्यांत ग्लुटेन नसते. मात्र रवा, मैदा, शेवया, बिस्किटे वर्ज्य. गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलेले पीठही टाळावे. हाडांची वाढ थांबण्यापूर्वी पथ्य सुरू झाले, तर राहिलेली उंची बरीच भरून निघू शकते.